ब्रह्माघाटावरची रेंज

मामांच्या घरी फोन ठेवायची जागा ठरलेली आहे. दुसऱ्या मजल्यावर, गंगेकडच्या खिडकीलगतच्या कोनाड्यात, समईच्या डावीकडे. मामींनी तिथे खडूने फुली मारून ठेवली आहे. फुलीवर फोन असला की बोलणं होतं. चार बोटं उजवीकडे सरकला की पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. फुली पुसट झाली की मामी ती पुन्हा गिरवतात, रोज उंबऱ्यावर रांगोळी काढावी तितक्या सहजपणे.

मामांचं घर काशीत ब्रह्माघाटाजवळ. या भागात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत, जवळच्या आंग्रे वाड्यात गणपती बसतो आणि गल्लीत आजही ‘अहो, जेवण झालं का’ ऐकू येतं. मामा वैदिक आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदान, गंगापूजन ते करतात. ज्यांना येणं जमत नाही, त्यांच्यासाठी करोनानंतर व्हिडिओ कॉलवरून संकल्प सांगायलाही त्यांनी सुरुवात केली. मी नागपूरला मोबाइल नेटवर्क मोजायचं काम करतो. गाडीत चार फोन आणि एक लॅपटॉप घेऊन रस्त्यारस्त्यांनी फिरायचं, याला आमच्या धंद्यात ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. या हिवाळ्यात मी काशीला गेलो तेव्हा मामांसाठी नवा फाइव्ह-जी फोन घेऊन गेलो होतो. त्यावरून दोन दिवस आमचं जे बोलणं झालं, ते मी जमेल तितकं जसंच्या तसं मांडतो आहे.

डबा उघडून फोन हातात घेतल्यावर मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, “याला आपल्या घरात रेंज येईल?”

“मामा, काशी म्हणजे फाइव्ह-जीचं माहेर आहे. 1 ऑक्टोबर 2022 ला देशात फाइव्ह-जी सुरू झालं तेव्हा एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत वाराणसी होती, आमचं नागपूरही होतं. जिओने चारच दिवसांनी, दसऱ्याला, चाचणी सुरू केली ती दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि वाराणसीत. पुणं मागे राहिलं, काशी पुढे.”

“काशी यादीत आली, हे मीही तेव्हा वाचलं. ब्रह्माघाट आला का?”

मी गप्प बसलो. माझ्याकडे शहराचे नकाशे असतात, रस्त्यांचे असतात. जिथे गाडीच जात नाही अशा गल्लीचा नकाशा माझ्याकडे कधीच नसतो. ड्राइव्ह टेस्ट चाकांवर होते आणि पक्का महाल या इथल्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांतून गाय आणि माणूस समोरासमोर आले तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं.

“पण आज सकाळीच मी गोदौलियाजवळ मोजलं,” मी म्हणालो. “सहा वाजता, रस्ता मोकळा असताना. तीनशे एमबीपीएसच्या वर वेग मिळाला. पाच वर्षांपूर्वी या शहरात असा आकडा कुणी पाहिला नसता. ही प्रगती नाही का?”

“असेल. मी गोदौलियाला सकाळी सहाला श्राद्ध सांगत नाही.”

मग त्यांनी मला कार्तिकातली गोष्ट सांगितली. पुण्यातलं एक कुटुंब, वडिलांचं वर्षश्राद्ध. मुलाला रजा मिळाली नव्हती, म्हणून तो घरी पाटावर बसला आणि मामा इथे. संकल्पात देश, काल, गोत्र, नाव सगळं येतं. मामा म्हणतात, यजमान मागून म्हणतो. सगळं सुरळीत चाललं होतं. नेमकं वडिलांचं गोत्र आणि नाव उच्चारायच्या वेळी मुलाचा चेहरा पडद्यावर थिजला आणि आवाज तुटला. परत लागेपर्यंत सहा-सात मिनिटं गेली. मुलगा रडवेला झाला होता. त्याला वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं.

“मी त्याला सांगितलं, पुन्हा म्हणू. पुन्हा म्हटलंही,” मामा म्हणाले. “पण तो क्षण गेला तो गेलाच. तेव्हा फोनवर चार दांड्या दिसत होत्या. चारच्या चार! मग सांग, तुझ्या त्या दांड्यांवर माणसाने विश्वास ठेवायचा की नाही?”

या प्रश्नाचं उत्तर मी रोज देतो आणि ते लोकांना आवडत नाही. दांड्या हे मोजमाप नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, याचं सगळ्या फोनांना बांधील असं माप नाही. फोन बनवणारा ते ठरवतो. 2010 साली आयफोन 4 हातात विशिष्ट प्रकारे धरला की रेंज पडते म्हणून जगभर ओरड झाली. तेव्हा ॲपलने जाहीर पत्र काढून मान्य केलं की दांड्या मोजायचं आपलं सूत्रच पूर्ण चुकीचं होतं, फोन अनेकदा दोन दांड्या जास्त दाखवत होता.

“मग खरं माप कुठे असतं?”

मी त्यांच्याच जुन्या फोनवर दाखवलं. सेटिंगमध्ये जायचं, ‘अबाउट फोन’, मग ‘सिम स्टेटस’. तिथे सिग्नलची ताकद आकड्यात लिहिलेली असते, उणे चिन्हासकट, पुढे डीबीएम. उणे ऐंशीच्या आसपास असेल तर उत्तम. उणे एकशे दहाच्या पलीकडे गेला की ओढाताण सुरू. हा आकडा साध्या फूटपट्टीसारखा वाचायचा नसतो. दहाने खाली गेला म्हणजे ताकद एक दशांश झाली. फुलीवर फोन ठेवला तेव्हा आकडा उणे 101 होता. आतल्या देवघरात नेला तेव्हा उणे 117.

“सोळाचा फरक,” मामा म्हणाले.

“सोळाचा म्हणजे चाळीस पट, मामा. देवघरात पोचणारी ताकद कोनाड्यातल्या ताकदीच्या चाळिसाव्या हिश्शाइतकी आहे.”

ते थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग मामींना हाक मारून म्हणाले, “अगं, तुझी फुली बरोबर आहे.”

ती बरोबर का आहे, हेही सांगितलं पाहिजे. मामींना कुणी पदार्थविज्ञान शिकवलेलं नाही, त्यांनी महिनाभर फोन सरकवून ती जागा शोधली. आपल्याकडे फाइव्ह-जी मुख्यतः 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि त्या लहरीची लांबी साधारण नऊ सेंटिमीटर. गल्लीत टॉवर समोर दिसत नाही. लहर समोरच्या भिंतीवर आपटून, वरच्या सज्ज्यावरून उसळून, चार वाटांनी खिडकीत येते. या वाटा कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना मारतात. बळ मिळणारी जागा आणि मरणारी जागा यांच्यात कधीकधी चार-पाच सेंटिमीटरचंच अंतर असतं. म्हणजे चार बोटांच्याही आत. मामींच्या बोटांनी अचूक मोजलं होतं.

“पण श्राद्धाच्या दिवशी फोन तिथेच होता,” मामा आपल्या मुद्द्यावर ठाम होते. “दांड्याही होत्या. मग तुटलं का?”

“फोनला टॉवरचं ऐकू येत होतं. टॉवरला तुमचं ऐकू येत नव्हतं.”

हे मी त्यांना घाटावरच्या होडीवाल्याच्या उदाहरणाने सांगितलं. काठावरच्या भोंग्यातला आवाज पलीकडच्या रेतीवरच्या होडीवाल्याला पोचतो, पण त्याने उलट मारलेली हाक काठावर येत नाही. टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहूनही जास्त ताकदीने बोलतो. आपला फोन सहसा पाव वॉटच्याही आत, साधारण 200 मिलिवॉट. फाइव्ह-जीच्या या पट्ट्यात येणं आणि जाणं एकाच रस्त्याने होतं, पाळीपाळीने, आणि पाळीचा मोठा वाटा टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या बाजूला दिलेला असतो, कारण बहुतेक लोक पाहतात जास्त आणि पाठवतात कमी. मामा पाठवतात. त्यांचा चेहरा, आवाज, दर्भ, पिंड, गंगा हे सगळं इथून पुण्याला जायचं असतं. दांड्या फक्त येणाऱ्या आवाजाच्या असतात. जाणाऱ्या आवाजाची दांडी कुठल्याच फोनवर नाही.

“म्हणजे मी म्हणतो ते खरं. जुना बटणांचा फोन होता ना, नोकियाचा, तो या घरात कुठेही लागायचा. जिन्याखालीसुद्धा.”

इथे मी वाद घालायला तयार होतो. जुनं ते सोनं हे वाक्य मी धंद्यात इतक्यांदा ऐकतो की आपोआप नकार येतो. पण मामांची आठवण खोटी नव्हती. 900 मेगाहर्ट्झवर चालणारे ते टू-जी फोन दोन वॉटपर्यंत ताकदीने बोलत, आजच्या फोनच्या दहा पट. लहर तेहतीस सेंटिमीटरची, कोपऱ्यावर वळणारी, भिंतीतून त्यामानाने बरी पार होणारी. आणि काम एकच, आवाज नेणं. त्यालाही जागा फार कमी लागायची. जिन्याखाली लागायचा तो त्यामुळे.

“तो फोन तुमचा चेहरा पुण्याला नेत नव्हता, मामा.”

“नव्हता. पण नाव पोचवत होता.”

मामांचं हे वाक्य मला नागपूरला परत येईपर्यंत सोडत नव्हतं. त्या दिवशी मात्र मी तंत्राची बाजू सोडली नाही, कारण ती सोडण्यासारखी नाही. लोकांना वाटतं, नव्या फोनमध्ये वेगाचीच बढाई आहे. तसं नाही. 3300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी नव्या फोनमध्ये ऐकणाऱ्या चार अँटेना असाव्या लागतात. चार वाटांनी येणारं तेच बोलणं ऐकून फोन त्यातलं स्वच्छ वेचून घेतो. आणि सिग्नल ढासळला की फोन आणि टॉवर मिळून बोलायची पद्धत बदलतात. हे मामांना कसं सांगावं कळेना. शेवटी त्यांच्याच विद्येकडे गेलो.

“तुम्ही संहिता म्हणता आणि घन म्हणता, दोन्हीत मंत्र तोच ना?”

“तोच.”

“मग घनाला इतका वेळ का लागतो?”

“कारण शब्द उलटसुलट फिरवून म्हणायचा असतो,” मामा सावरून बसले. हा त्यांचा प्रांत. “जटेत पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा. घनात तिसरा शब्दही त्यात गुंफायचा. एक अक्षर जरी हललं, एक स्वर जरी घसरला, तर पुढच्या फेरीत पकडला जातो. पुस्तकं जळाली, राज्यं गेली, पण पाठ राहिला तो या फेऱ्यांमुळे. आठ विकृती आहेत : जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन. परवा 2025 च्या शेवटीच आपल्या सांगवेद विद्यालयात अहिल्यानगरच्या देवव्रत रेखे या एकोणीस वर्षांच्या मुलाने शुक्ल यजुर्वेदाचं दंडक्रम पारायण केलं. दोन हजारांच्या आसपास मंत्र, पन्नास दिवस, खंड न पडता. तिथे ‘किती वेगाने म्हटलं’ असं कुणी विचारलं नाही. ‘कुठे अडला का’ एवढंच विचारलं.”

“फोन हेच करतो. सिग्नल स्वच्छ असला की एका ठोक्यात आठ बिट पाठवतो, संहितेसारखं सरळ. सिग्नल बिघडला की एका ठोक्यात दोनच बिट, आणि प्रत्येक शब्दाबरोबर जास्तीची अक्षरं पाठवतो, म्हणजे पलीकडे काही गळलं तर जुळवता यावं. तरीही जुळलं नाही तर पलीकडून निरोप येतो, पुन्हा म्हण. हा पुन्हा म्हणतो. वेग पडतो तो यामुळे. वेग पडणं म्हणजे फोन हरला असं नाही, तो बोलणं वाचवायला धडपडतोय.”

मामा खुलले. त्यांनी दोनदा विचारलं की हे खरंच असं असतं का. मी म्हटलं, तंतोतंत असं नाही, पण तत्त्व हेच : जास्तीचं उच्चारून चूक पकडणं.

“मग तुम्ही लोक जाहिरातीत वेग का सांगता? ‘इतक्या वेळा म्हटलं तरी चुकलं नाही’ असं का नाही सांगत?”

प्रश्न रास्त होता. आमच्या आकड्यांची एक सवय आहे आणि ती सोयीची आहे. स्पीड टेस्ट दहा-पंधरा सेकंद चालते, एका वेळी अनेक जोडण्या उघडते, शक्यतो जवळचा सर्व्हर निवडते आणि आकडा दाखवते. संकल्प वीस मिनिटं चालतो, एकाच धाग्यावर, पुण्यापर्यंत. मोजलेले पंधरा सेकंद उत्तम असले आणि संकल्पातले तीन सेकंद मेले, तरी सरासरी छान येते. फाइव्ह-जीच्या आंतरराष्ट्रीय मानकात कमाल वेग 20 गिगाबिट लिहिला आहे आणि साध्या ग्राहकाला शंभर मेगाबिट मिळावेत अशी अपेक्षा आहे. व्हिडिओ कॉलला मात्र एक-दोन मेगाबिट पुरतात. पानवाल्याच्या यूपीआयला काही किलोबाइट. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान वेग किती लागतो, तर जानेवारी 2023 पासून दोन मेगाबिट; त्याआधी 512 किलोबिट होता. म्हणजे मामांना जे हवं ते या दोनाच्या आतबाहेर आहे. तेवढं अखंड मिळालं की त्यांचं काम होतं. तीनशेचं काय करायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि मलाही त्यांच्यासाठी सुचलं नाही.

“पण तीनशे लागतातच, मामा,” मी म्हणालो. “तुमच्या एकट्यासाठी नाही. देवदिवाळीला घाटावर किती माणसं असतात? त्या वेळी एका टॉवरखाली हजारो फोन येतात आणि सगळ्यांना एकाच परातीतून वाढायचं असतं. परात मोठी असेल तरच शेवटच्या पंगतीला काही उरतं.”

“देवदिवाळीला मी फोन बंदच ठेवतो. कुंभाच्या वेळी तर विचारू नकोस. प्रयागहून माणसांचे लोंढे इकडे आले, महिना-दीड महिना गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा यजमान दारापर्यंत आलेला असायचा आणि फोन लागायचा नाही. कोपऱ्यावर उभं राहून हाका मारायच्या.”

“तेव्हा चाकांवरचे टॉवर आणून लावतात.”

“मैदानात लावतात. गल्लीत कुठे लावणार?”

पुन्हा गल्ली. मी कुठूनही निघालो तरी मामा मला गल्लीत आणून सोडत होते, आणि माझ्या धंद्याचं खरं अपयशही तिथेच आहे. रस्त्यावर फोर-जी, फाइव्ह-जी दोन्ही चांगलं आहे. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी चार-चार मजले, चुनारच्या दगडाच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर आकाशाची एक फीत. 700 मेगाहर्ट्झची लहर त्रेचाळीस सेंटिमीटरची, ती इथे जास्त आत शिरते. 2022 च्या लिलावात तो पट्टा जिओनेच घेतला, एअरटेलने सोडला. त्याउलट सुरुवातीला एअरटेलचं फाइव्ह-जी फोर-जीच्या आधारावर उभं राहिलं आणि जिओचं स्वतंत्र. या निवडींचा परिणाम जाहिरातीच्या फलकावर दिसत नाही, तो देवघरात दिसतो. फोर-जीच्या आधारावर चालणाऱ्या जाळ्यात आणखी एक गोम आहे : फोनवर ‘5जी’ लिहून येतं तेव्हा फोन खरोखर फाइव्ह-जीवर असेलच असं नाही. जवळपास ते उपलब्ध आहे एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ती अक्षरं पाहून फोन विकत घेतलेल्या माणसाला हे कुणी तरी आधी सांगायला हवं. पुष्कळ लोकांनी तर फाइव्ह-जी फोन देशात फाइव्ह-जी येण्याआधीच घेतले आणि मग अपडेटची वाट पाहिली. आयफोनवाल्यांना ते डिसेंबर 2022 मध्ये मिळालं.

“मग तार का नाही टाकत? घराघरात तार आली की टॉवरचं तोंड बघायला नको.”

“तार टाकायची गोष्ट तुमच्याच काठावर झाली होती. 2015 साली दशाश्वमेधावर वाय-फाय सुरू झालं. गंगेच्या काठाने ऑप्टिकल फायबर टाकली आणि माकडांनी ती कुरतडली. रॉयटर्सने जगभर बातमी दिली होती.”

मामी आतून म्हणाल्या, “आमच्या डिशचीसुद्धा दोनदा तोडली.” काशीत माकडांना कुणी मारत नाही, आणि मारूही नये. तार भिंतीच्या आतून किंवा जमिनीखालून न्यावी लागते. या गल्ल्यांत ते वेळखाऊ आहे, खर्चीक आहे, पण अशक्य नाही. आता काही घरांत तार आली आहे. ज्या घरात ती आली आहे तिथे वाय-फाय कॉलिंग चालू केलं की भिंतीचा प्रश्न बराचसा सुटतो. मामांच्या घरी ती अजून पोचलेली नाही. दोनदा अर्ज झाला, माणूस येऊन पाहून गेला.

संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. समोर गंगा, पलीकडे रेती, डावीकडे राजघाटाचा पूल. मला वाटलं, इथे तरी मी जिंकेन. आकडा उणे 79, दांड्या भरलेल्या. व्हिडिओ लावला, आणि गोल फिरायला लागलं.

“हे बघ,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती.

हे मला माहीत होतं, तरी प्रत्यक्ष पाहिल्यावर वाईट वाटलं. उंचावर, मोकळ्या नदीसमोर, दूरदूरचे टॉवर एकाच वेळी ऐकू येतात. कुणा एकाचं म्हणणं स्पष्ट नसतं. मामांनीच ते नीट शब्दांत पकडलं : एका मंडपात पाच ठिकाणी पाच वैदिक वेगवेगळे अध्याय म्हणत बसले, तर आवाज मोठा होईल, पाठ कुणाला कळणार? दांड्या आवाज मोजतात. पाठ कळतो की नाही, ते मोजत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांकडे एक खरा कॉल होता. डोंबिवलीचं कुटुंब, आईची तिथी. मी कॉलसाठी नवा फोन दिला आणि त्यांच्या रोजच्या मांडणीकडे पाहत बसलो. पाट, दर्भ, तीळ, तांदूळ, पळी-पंचपात्र, आणि फोन उभा राहावा म्हणून त्याला मागून टेकू दिलेला तांब्याचा मोठा तांब्या. मी तांब्या काढला, त्या जागी लाकडी चौरंग लावला. आकडा पाच-सहाने सुधारला. धातू अँटेनाच्या इतका जवळ असला की तो तिची ताकद खातो. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘प्रेफर्ड नेटवर्क’ फोर-जीवर ठेवलं. कारण फुलीच्या जागी फाइव्ह-जी उंबऱ्यावर होतं, येत होतं आणि जात होतं, आणि प्रत्येक येण्याजाण्यात फोन दोन घरांमध्ये हेलपाटे घालत होता. त्या हेलपाट्यांतच चेहरा थिजतो.

फाइव्ह-जी फोन भेट देऊन त्यातलं फाइव्ह-जी मीच बंद केलं. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. त्या खोलीत तेच बरोबर होतं.

कॉल बावीस मिनिटं चालला. गोत्राच्या वेळी मी श्वास रोखून बसलो होतो. मामांनी नाव उच्चारलं, पलीकडून मुलीने ते स्पष्ट म्हटलं, मागे कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू आली. तुटलं नाही.

नंतर चहा घेताना मामा म्हणाले, “हा एक कॉल झाला. उद्या काय? नियम काय म्हणतो?”

नियम मला पाठ आहेत. दूरसंचार नियामक ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर टाकायचे. संपूर्ण जिल्ह्याची सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला त्या काळाचा मोबदला. चांगलं पाऊल आहे, मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं.

“जिल्हा म्हणजे वाराणसी जिल्हा?”

“हो.”

“आणि चोवीस तास?”

“हो.”

“माझं घर दीड खणाचं आहे,” मामा म्हणाले, “आणि मला वीस मिनिटं लागतात.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या धंद्याकडेही नाही. आम्ही रस्ता मोजतो, उघडं आकाश मोजतो, सकाळचा मोकळा तास मोजतो, आणि येणारा वेग पुढे ठेवतो. माणूस मात्र भिंतीच्या आत राहतो, गर्दीच्या वेळी बोलतो, आणि त्याला काही पाठवायचं असतं. मोजणी घराच्या आत झाली पाहिजे, जाणाऱ्या बाजूची झाली पाहिजे, आणि सर्वोत्तम आकड्याऐवजी सर्वांत वाईट तासाचा आकडा छापला गेला पाहिजे. मामांशी बोलण्याआधी हे मी मानत होतो, पण कधी उठून म्हटलं नव्हतं. नागपूरला आल्यावर आमच्या बैठकीत म्हटलं. मोजणीच्या यादीत एक गल्ली आणि एक बंद खोली घालावी, एवढीच मागणी होती. निर्णय अजून व्हायचा आहे.

तोवर वाचकांना एक विनंती. संध्याकाळी आठला, घरातल्या सर्वांत अडचणीच्या खोलीत उभं राहून फोनच्या ‘सिम स्टेटस’मधला आकडा आणि अपलोडचा वेग कागदावर लिहून ठेवा. दांड्या लिहू नका. तुमच्या कंपनीच्या संकेतस्थळावरचा व्याप्तीचा नकाशा उघडा आणि त्यात तुमची गल्ली रंगवलेली आहे का ते पाहा. रंगवलेली असेल आणि खोलीत आकडा उणे एकशे पंधराच्या पलीकडे असेल, तर तक्रार तारीख, वेळ आणि आकड्यासकट लेखी करा, आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.